सामेहला खेळू दे

दमियात,
१८ जानेवारी १९८८

लुत्फी, मित्रा,

सलाम. हाजी दसूकीचा पुतण्या बगदादहून आला, त्याच्याबरोबर तुझं पत्र मिळालं. मावशीला मीच वाचून दाखवलं. एरवी सामेह वाचतो, पण तो घरात असतो कधी? ‘मी रोज पोटभर जेवतो’ हे तुझं वाक्य तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा म्हणाली, “माझा लेक खोटं बोलतोय.”

गल्लीत सगळं आहे तसंच आहे. लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि दुपारी अस्रची नमाज झाली की आरडाओरडा. मोज्याचा चेंडू मी आता स्वतःच बनवतो. आत स्पंज, वरून सुतळी, त्यावर सरसाचे दोन हात. तुझ्या वेळचे चेंडू दोन दिवसांत फाटायचे, माझा आठवडा काढतो. हे मी कबूल करून घेतल्याशिवाय सोडणार नाही, कारण गोलात उभा राहून ते चेंडू छातीवर मीच झेललेत.

आता खरी बातमी. गेल्या शुक्रवारी आपला ‘करवत’ संघ पॉलिशवाल्यांशी खेळत होता. आपण तीन-दोनने मागे. तुझ्या भावाला मी म्हटलं, “सामेह, उगाच एकट्याने नेऊ नकोस, पास दे.” तो म्हणाला, “बरं, कॅप्टन.” आणि काय केलं असेल? चार माणसं चकवली, पाचव्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला, आणि गोल मारायच्या ऐवजी गोलच्या रेषेवर थांबून माझ्याकडे बघत विचारलं, “आता देऊ का पास?” अख्खी गल्ली हसून आडवी. गच्चीवरून पाण्याची बादली ओतणारी ती म्हातारीसुद्धा हसली.

त्या गर्दीत गावाच्या फुटबॉल क्लबचा एक माणूस चहा पीत बसला होता. त्याने सामेहला बोलावून घेतलं. नाव विचारलं, वय विचारलं. एकोणीस म्हटल्यावर म्हणाला, “थोडा उशीर झालाय, पण हा डावा पाय वाया घालवणं पाप आहे.” तीन फेब्रुवारीला क्लबच्या मैदानावर निवड आहे. त्याच्या कारखान्याचा मालक उस्ताद गरीब म्हणतो, त्या दिवसापासून पोरगा खुर्चीच्या पायांवर नक्षी उलटी कोरतोय.

दुआ कर.

तुझा,
शहाता


बगदाद,
६ फेब्रुवारी १९८८

शहाता,

पत्र वाचून मी इतका ओरडलो, की खोलीतले सहाही जण उठून बसले. त्यांना वाटलं घरी कोणी गेलं. म्हटलं, अरे नाही, माझा भाऊ क्लबात जातोय! मग सोहागकडच्या स्वयंपाक्याने सगळ्यांसाठी चहा केला.

आम्हीही खेळतो हं. दर शुक्रवारी विटांच्या ढिगामागे एक मोकळी जागा आहे, तिथे. एका बाजूला आम्ही नदीच्या मुखाकडचे, दुसऱ्या बाजूला सगळे वरच्या इजिप्तचे सईदी. तो स्वयंपाकी पन्नाशीचा आहे, झब्बा कमरेला खोचून खेळतो, आणि चेंडू लागला नाही तर माणसाला लाथ मारतो. वर म्हणतो, “काहीतरी लागलं ना, मग झालं.” आठवडाभर दरवाजे ठोकून हातांना घट्टे पडतात, पण त्या दीड तासात मी दमियातला असतो.

निवड तर तीन दिवसांपूर्वीच झाली असेल. सगळं सविस्तर लिही. कुठे उभा केला, कोण काय म्हणालं, बूट कुणाचे घातले. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याला मी आणि तू मिळून वाढवलं. चेंडू लाथाडायला तर तूच शिकवलंस.

आणि एक. नऊ वर्षांपूर्वी त्याच मैदानावरून तू परत आलास तेव्हा तू आणि मी पुलाखाली बसलो होतो. तू रडला होतास, मी कुणाला सांगितलं नाही. या वेळी आपल्या घरातला माणूस आत जाईल. तुझंसुद्धा काहीतरी आत जाईल, असं समज.

लुत्फी


दमियात,
२७ फेब्रुवारी १९८८

प्रिय लुत्फी,

मावशी ठीक आहे. तिची खोकल्याची तक्रार कमी झाली.

सामेहचं क्लबात जमलं नाही. खेळला चांगला, पण निवडलं नाही. कारणं काय, त्यांची त्यांना ठाऊक. तो आता कामावर लक्ष देतोय. उस्ताद गरीब त्याला मोठ्या पलंगांची नक्षी द्यायला लागलाय, ते चांगलं आहे. हातात कला असली की माणूस उपाशी राहत नाही.

मी असं ठरवलंय, की रमजानच्या स्पर्धेत या वर्षी त्याला घ्यायचं नाही. जरा शांत बसू दे. खेळाचं वेड थोडं उतरलेलं बरं. तू त्याला लिहिशील तेव्हा तूही हेच लिही, तो तुझं ऐकतो.

बाकी सगळं कुशल. तिकडच्या युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकतो आणि काळजी वाटते. तू जपून राहा.

शहाता


दमियात,
२० मार्च १९८८

लुत्फीदादा,

सलाम. आई विचारते, तू खरंच ठीक आहेस का. शेजारच्या रेडिओवर बगदादचं नाव आलं की ती हातातलं टाकून उभी राहते. दोन ओळी तरी लवकर पाठव.

दादा, मी कधी तुझ्याकडे तक्रार केली नाही. आज करतो. शहाता मला खेळू देत नाही. स्पर्धेत तर नाहीच, गल्लीतसुद्धा नाही. परवा मी नुसता चेंडू पायावर घेतला, तर सगळ्यांसमोर माझ्या हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाला, “घरी जा.” मी काय दहा वर्षांचा आहे? माझ्या जागी त्याने त्या पॉलिशवाल्याच्या मुलाला घेतलंय, ज्याला उजवा-डावा पाय कळत नाही. मी कट्ट्यावर बसतो. पोरं विचारतात, “काय रे सामेह, रुसलास का?” कोणी म्हणतं, क्लबाने नाकारलं म्हणून डोकं फिरलं.

क्लबाचं विचारशील तर, मी त्या दिवशी दोन गोल केले होते. शपथेवर सांगतो. त्यांचा प्रशिक्षक मला म्हणाला, “कागद पूर्ण करून ये.” मग कागदांचं काही जमलं नाही. ते जाऊ दे, त्यात शहाताचा दोष नाही. पण गल्ली तर आपली आहे ना? दादा, संघ तू काढलास, ‘करवत’ नाव तू ठेवलंस. लोक म्हणतात, शहाताला क्लबाने एकदा परत पाठवलं होतं, म्हणून त्याला माझं बघवत नाही. मला तसं म्हणायचं नाही. पण मग कारण काय?

मी सकाळी कोरीवकाम करतो, दुपारी कट्ट्यावर बसतो. मला बसवत नाही. तू त्याला एकदा लिही. तुझं तो टाळणार नाही.

तुझा,
सामेह


बगदाद,
९ एप्रिल १९८८

शहाता,

हे पत्र मी सामेहच्या पाकिटात घालून पाठवतोय, मुद्दाम उघडं. त्याने ते हाजी दसूकीच्या कहवाखान्यात, सगळ्यांच्या देखत तुला वाचून दाखवावं, असं मी त्याला सांगितलंय. जे सगळ्यांसमोर केलंस त्याचं उत्तरही सगळ्यांसमोर मिळू दे.

मी तुला भाऊ मानलं. माझं घर तुझ्या भरवशावर टाकून आलो. आणि तू काय केलंस? वडिलांविना वाढलेल्या पोराला हाताला धरून खेळातून उठवलंस. त्याच्यात काय कमी आहे? पाय नाहीत त्याला? क्लबाने त्याला नाकारलं असं तू लिहिलंस, पण तो म्हणतो त्याने दोन गोल केले आणि प्रशिक्षकाने कागद आणायला सांगितले. मग तू मला अर्धं का लिहिलंस?

मी तुला सांगतो का ते. तुझ्या पोटात दुखतंय. जे दार तुझ्या तोंडावर आपटलं गेलं ते त्याला उघडलं, हे तुला सोसत नाही. पुलाखाली तू रडलास ते मी नऊ वर्षं पोटात ठेवलं. आज सगळ्यांना कळू दे. तू रडला होतास, कारण तू तेवढा चांगला नव्हतास. तो आहे.

संघ माझाही आहे. मी सांगतो, सामेहला खेळू दे. स्पर्धेत खेळव, पहिल्या सामन्यापासून. नाहीतर माझ्या आईच्या दाराची पायरी चढू नकोस आणि मला मित्र म्हणू नकोस.

लुत्फी


दमियात,
१५ मे १९८८

लुत्फी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. कोणाला तरी जवळ बसव. तो सोहागचा स्वयंपाकी असेल तर त्याला बसव.

सामेह गेला. गुरुवारी, रमजानच्या सव्विसाव्या दिवशी, संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या आधी थोडा वेळ. शुक्रवारी नमाजनंतर त्याला वडिलांशेजारी ठेवलं. तुला तार केली होती, ठेकेदाराच्या पत्त्यावर. मिळाली की नाही ठाऊक नाही.

तुला सगळं सांगतो. आधीच सांगायला हवं होतं. फेब्रुवारीत तो क्लबात निवडला गेला होता, लुत्फी. घेतलं होतं त्याला. मग त्यांनी डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं. लहानपणी त्याला सांधेताप आला होता, तू त्याला पाठीवर घेऊन इस्पितळात गेला होतास, आठवतं? त्या तापाने हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. डॉक्टरने मला आणि मावशीला समोर बसवून सांगितलं, “काम करू दे, चालू दे, लग्न करू दे. धावू देऊ नका.” पुढेमागे शस्त्रक्रिया करता येईल म्हणाला.

सामेहने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली, की गल्लीत कुणाला सांगायचं नाही. म्हणाला, “दुखणेकरी म्हणून माझ्याकडे बघायला लागले तर मी आधीच मेलो समज.” मावशीने दुसरी शपथ घातली, की तुला कळवायचं नाही. तुझे कागद ठेकेदाराकडे, बाहेर युद्ध. तू ऐकलंस की भांडून निघशील आणि वाटेत तुझंच काही होईल, ही तिची भीती. म्हणून मी तुला ते अर्धंमुर्धं पत्र लिहिलं. मला लिहिता येत नाही नीट खोटं.

तीन महिने मी त्याला अडवलं. आणि शेवटच्या दिवशी अडवलं नाही. ती चूक माझी आहे. फायनल होती, बुर्गच्या मासेमारांशी. लाकडाच्या वखारीमागे हजार माणूस. एक-एक बरोबरी. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “शेवटची दहा मिनिटं. फक्त उभा राहीन, पास देईन.” मी हो म्हटलं. फेब्रुवारीनंतर तुझं एकही पत्र मला आलेलं नाही, तेव्हा तू काही विचारलंस किंवा सांगितलंस असंही नाही. मला जिंकायचं होतं, त्याचा चेहरा बघवत नव्हता, आणि मी हो म्हटलं. एवढंच.

तो उभा राहिला नाही. पहिल्याच चेंडूला त्या धिप्पाड मासेमाराला असा चकवला, की त्यांचेच लोक हसले. मग त्याने जो पास दिला, त्यावर पॉलिशवाल्याच्या पोराने डोळे मिटून गोल मारला असता. मारलाच. दोन-एक. सामेह हात वर करून माझ्याकडे धावत आला, मधल्या रेषेशी थांबला आणि खाली बसला. लोकांना वाटलं लेस बांधतोय. कोणी ओरडलं, “ऊठ रे, नखरे नंतर!” मला कळलं. मी गोल सोडून धावलो. मासेमारांनी रिकाम्या गोलात चेंडू मारला आणि नाचायला लागले. त्यांना काय ठाऊक.

माझ्याकडे बघून म्हणाला, “आलोच.”

उस्ताद गरीबच्या गाडीत घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा अजान झाली. सगळे रोजा सोडत होते. कोणीतरी माझ्या हातात खजूर ठेवला. मी तो तसाच धरून उभा होतो. त्याचाही रोजा होता, लुत्फी. तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

मावशीने मला दाराबाहेर केलं. गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

शहाता


बगदाद,
२६ मे १९८८

शहाता,

झडप खराब आहे हे माहीत असून तू त्याला मैदानात उतरवलंस. एका चषकासाठी. मी एप्रिलात लिहिलेलं तुला पोचलंही नाही, तरी तू आपण होऊन हे केलंस.

पुन्हा लिहू नकोस.

लुत्फी


दमियात,
१२ मे १९८८, सकाळ

लुत्फीदादा,

तुझं पत्र काल पोचलं, एक महिना लागला! पोस्टवाला म्हणाला, तिकडून काही येतंय हेच नशीब. आई आधी तुझ्या अक्षरावर हात फिरवत बसली, मग मी वाचलं.

दादा, तू तर तोफच डागलीस. मी ते कहवाखान्यात वाचलं, तू सांगितलंस तसं, उभं राहून. हाजी दसूकीने तर रेडिओ बंद केला. ते पुलाखालचं आलं तेव्हा माझा आवाज जरा कमी झाला, ते मी भरभर वाचून टाकलं. लोक हसले. शहाता हसला नाही, रागावलाही नाही. पांढरा पडला. सगळे म्हणायला लागले, “उत्तर दे, शहाता! लुत्फीला उत्तर दे!” तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो बोलणार. पण नाही बोलला. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, “तू त्याला सांगितलं नाहीस ना?” मी मानेनेच नाही म्हटलं. तो म्हणाला, “मग आता मी काय बोलू, सामेह?” मी म्हटलं, “खेळू दे म्हण.” तेव्हा तो म्हणाला, “शेवटची दहा मिनिटं. आणि धावायचं नाही.”

दादा, खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं. तो वाईट माणूस नाही. तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही, ती ईद झाली की सांगेन. मग तूच त्याची माफी मागशील बहुतेक, आणि मीही मागेन. पण आज नाही. आज फायनल आहे.

हे पत्र वखारीतल्या बायोमीबरोबर पाठवतोय, तो अम्मानवरून बगदादला येतोय. निकाल त्याला कळणार नाही, तो दुपारीच निघतो. तू आपलं समज की जिंकलो.

तुझा,
सामेह


बगदाद,
५ जून १९८८

शहाता,

बायोमी आज आला. तीन आठवडे अम्मानला अडकला होता. त्याला काही ठाऊकच नव्हतं. हसत हसत पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “घे, तुझ्या लाडक्याचं. मग, जिंकली का करवत?”

त्याचं पत्र मी या पाकिटात घालणार होतो, पण हात होत नाही. तुला माहीत आहे त्यात काय आहे. तू तिथे होतास.

तू लिहिलंस की तुला माझं पत्र आलं नाही. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. तुला खोटं लिहिता येत नाही म्हणतोस, पण यावेळी तू असं लिहिलंस की मी विश्वास ठेवला आणि तुला शिवी दिली. त्याच्या मातीवरून आलेल्या माणसाला.

मला आठवतंय, मी ते पत्र कधी लिहिलं. त्या आठवड्यात आम्ही झोपलोच नव्हतो. क्षेपणास्त्रं पडत होती, पलीकडच्या गल्लीत एक घर पूर्ण गेलं. मला वाटत होतं, आज नाहीतर उद्या आपण जाणार, तर निदान भावाचं एक काम करून जाऊ. हे निमित्त सांगत नाही. नुसतं सांगतोय. इतकी माणसं आसपास जात होती, आणि मरण मी पाकिटात घालून माझ्याच घरी पाठवलं.

तू कहवाखान्यात एक वाक्य बोलला असतास. “त्याचं हृदय खराब आहे.” चार शब्द. अख्ख्या कहवाखान्यासमोर मी तुला नागवं केलं आणि तरी तू त्याची शपथ मोडली नाहीस. मोडायला हवी होती, शहाता. मी हेही लिहितो, कारण आता तुझ्याशी अर्धं बोलायचं नाही.

आईला वेगळं पत्र लिहिलंय, याच पाकिटात आहे. त्यात सगळं आहे, माझं पत्र, तुझं खोटं. तिने ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला नको. तूच वाच. एक अक्षर गाळू नकोस. ती तुला दार उघडेल, मग माझ्यासाठी बंद झालं तरी चालेल.

ठेकेदार सप्टेंबरात कागद देतो म्हणालाय.

लुत्फी


दमियात,
८ जुलै १९८८

माझ्या लुत्फी,

हे शहाता लिहितोय. मी बोलते तसं लिही म्हणून सांगितलंय, त्याने एक शब्द बदलला तर मला कळतं.

तुझं पत्र घेऊन तो आला तेव्हा मी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो पायरीवर बसला आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन हळू आवाजात वाचायला लागला. मी आत उभी राहून ऐकत होते. एका ठिकाणी तो अडखळला आणि पुढे गेला. मला अक्षर येत नाही, पण माणूस कुठे गाळतो ते कळतं. मी दार उघडलं आणि म्हटलं, “आत ये. पहिल्यापासून वाच.”

बाळा, तू जे कबूल केलंस ते मला ठाऊक होतं. तुझं ते पत्र सामेहने कहवाखान्याच्या आधी मलाच वाचून दाखवलं. या इथेच, उभ्याने, हातवारे करत. “बघ आई, दादाच सांगतोय!” मी म्हटलं, “आणि डॉक्टर काय सांगतो?” तर माझ्या गळ्यात हात घालून म्हणाला, “दहा मिनिटं, आई. तीन महिने बसलोय. बसून बसून मी कुजलोय.” कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं. मी काय केलं, सांगू? त्याचा शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला तेव्हा मी ईदच्या बिस्किटांचं पीठ मळत होते. हात पिठात होते. त्याने माझ्या डोक्याचा मुका घेतला आणि गेला. मला उठून कडी घालता आली असती. एक दार, एक कडी, एवढंच होतं.

मग शहाताला का बोल लावला, विचारशील. तुला लावला असता तर तू तिकडे एकटा, माझा दुसराही गेला असता. मला लावला असता तर सकाळी उठायचं कसं? हा समोर उभा होता, मान खाली घालून. म्हणाला, “मावशी, माझी चूक.” त्याने मागितलं, मी दिलं. सगळ्या गल्लीसमोर दिलं. आता लिहायचा थांबलाय हा. लिही रे. तेही लिही.

परवा मी त्याला हाताला धरून कहवाखान्यासमोरून नेलं, सगळे बघत असताना. कोणाला काही सांगितलं नाही. हाजी दसूकीने उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

तू लिहिलंस, आई मला क्षमा कर. लुत्फी, मला माहीत नाही. सकाळी करते. दुपारी त्याची जेवायची वेळ झाली की सगळं पुन्हा उठतं, आणि तुलाही करत नाही, मलाही करत नाही. पण तू माझा मुलगा आहेस आणि तुला घरी यायचंय. ते क्षमेवर नाही. सप्टेंबरात ये. त्या दाराला कडी लागणार नाही.

इकडे गल्ली चाळीस दिवस गप्प होती. चाळिसावा झाल्यावर माणसं विचारायला आली, “उम्म लुत्फी, तू आई आहेस, तूच सांग, पोरांना खेळू द्यायचं का?” मी म्हटलं, खेळू द्या. पोरांना कोण किती दिवस बसवून ठेवणार? आता पुन्हा रोज अस्रनंतर सुरू होतं. चेंडू भिंतीवर आपटतो, कोणीतरी ओरडतं, “पास दे, पास दे!” आणि मी हातातलं टाकून खिडकीशी जाते. कोण आहे ते बघते. मग परत येते.

तुझी,
आई